गाव लहान, आकडे महान

अमेरिकेत १७९०पासून दर दहा वर्षांनी माणसं मोजतात. तसं राज्यघटनेतच लिहून ठेवलंय, कारण प्रतिनिधिगृहात कुठल्या राज्याला किती जागा मिळणार हे त्या मोजणीवर ठरतं. मोठ्या शहरांचे आकडे वाचायला कंटाळवाणे असतात. दोन टक्के वर, तीन टक्के खाली, संपलं. खरी गंमत खेड्यापाड्यांत आहे. तिथे एक माणूस वारला की निम्मी लोकसंख्या जाते, एक कारखाना आला की दहा वर्षांत गाव जवळजवळ चौदापट होतं आणि एक बाबा आले की गावाचं नावच बदलतं.

महापौर मीच, मतदारही मीच

नेब्रास्का राज्यात, साउथ डकोटाच्या हद्दीला लागून मोनोवाय नावाचं गाव आहे. १९३० च्या दशकात इथे सुमारे १५० माणसं राहत होती. पुढे शेती यंत्रांवर गेली, पोरं शहरांत गेली आणि २००० च्या जनगणनेत उरली दोन माणसं: एल्सी आयलर आणि त्यांचे यजमान रूडी. २००४ मध्ये रूडी वारले. २०१० च्या जनगणनेत मोनोवायची लोकसंख्या १. आता हे टक्केवारीत वाचा: दशकभरात पन्नास टक्के घट, महिलांचं प्रमाण शंभर टक्के आणि गावाचं सरासरी वय म्हणजे एल्सीबाईंचं वय.

गाव कागदोपत्री जिवंत ठेवायचं तर नगरपालिका हवी. म्हणून महापौर एल्सीबाई, कारकून एल्सीबाई, खजिनदारही एल्सीबाई. गावातला एकुलता एक गुत्ता त्याच चालवायच्या. दारूच्या परवान्याचा अर्ज त्यांनीच करायचा आणि महापौर म्हणून त्यांनीच मंजूर करायचा. रस्त्यावरच्या चार दिव्यांसाठी राज्याचा निधी मिळावा म्हणून दरवर्षी रस्त्यांचा आराखडा पाठवायच्या, आणि दिवाबत्ती-पाण्यासाठी स्वतःकडून सुमारे पाचशे डॉलरचा कर वसूल करायच्या. थकबाकीदार कोणी नाही, हे या नगरपालिकेचं वैशिष्ट्य. गुत्त्याशेजारी रूडींच्या सुमारे ५,००० पुस्तकांचं वाचनालयही आहे. माणशी इतकी पुस्तकं जगात दुसऱ्या कुठल्या गावात असतील, असं वाटत नाही.

मग आली २०२०ची जनगणना. मोनोवायची लोकसंख्या: २. एल्सीबाई चक्रावल्या, कारण दुसरं माणूस त्यांनी पाहिलंच नव्हतं. गोष्ट अशी की अमेरिकेत जनगणनेत दिलेली माहिती ७२ वर्षं गुप्त ठेवावी लागते. आता एकाच माणसाच्या गावाचा तक्ता छापला की त्या माणसाचं वय, वंश, सगळं चव्हाट्यावर येणार. म्हणून २०२० मध्ये जनगणना खात्याने छोट्या गावांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी थोडी गडबड मिसळली. राज्याची बेरीज अचूक, गावाचा आकडा मात्र किंचित वाकडा. मोनोवायचा दुसरा रहिवासी त्या गणितातून जन्मला. त्यामुळे पुढे येणारे २०२०चे इवले आकडे जरा सैल हातानेच धरा.

एका माणसाचं आणखी एक गाव होतं, वायोमिंगमधलं ब्यूफर्ड. १८६० च्या दशकात रेल्वेचे रूळ टाकताना तिथे सुमारे दोन हजार माणसं होती. रूळ पुढे गेले, माणसंही त्यांच्यामागे गेली. शेवटी उरलेल्या गृहस्थांनी २०१२ मध्ये पेट्रोलपंप, दुकान आणि पोस्टाच्या पेट्यांसकट अख्खं गाव लिलावात काढलं. काही मिनिटांत ९ लाख डॉलरला सौदा झाला. घेणारा व्हिएतनामचा व्यापारी. त्याने गावाला आपल्या कॉफीचं नाव जोडलं: फिनडेली टाउन ब्यूफर्ड.

तेल भरपूर, माणसं चौसष्ट

टेक्ससमधली लव्हिंग काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका किंवा छोटा जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे १,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतात त्याच्या जवळजवळ तिप्पट. लोकसंख्या २०१० मध्ये ८२, २०२० मध्ये ६४. अख्ख्या अमेरिकेत याहून कमी वस्तीची काउंटी नाही. नावात प्रेम असलं तरी ते ऑलिव्हर लव्हिंग या गुरांचे तांडे हाकणाऱ्या माणसाचं आडनाव.

गरिबीमुळे ओस पडलंय म्हणाल, तर तेही नाही. ही काउंटी पर्मियन खोऱ्यात, तेलाच्या ऐन कुशीत आहे. टेक्ससमध्ये जमिनीखालचं तेलही मालमत्ता म्हणून करपात्र असतं. त्यामुळे चौसष्ट माणसांच्या काउंटीच्या तिजोरीत कोट्यवधी डॉलर जमा होतात. रस्त्यांवर टँकर आणि ट्रकांची रीघ असते, पण त्यातले कामगार इथले रहिवासी म्हणून मोजले जात नाहीत. रहिवासी म्हणजे काही मोजकी घराणी. न्यायाधीश, शेरिफ, कारकून, आयुक्त अशी निवडून द्यायच्या पदांची यादी वाचली की उमेदवार जास्त की मतदार, असा प्रश्न पडतो. १९४५ मध्ये इथल्या एडना रीड क्लेटन ड्यूईस या टेक्ससमधल्या पहिल्या निवडून आलेल्या महिला शेरिफ झाल्या, ही या काउंटीची खरी ऐट.

इतके कमी मतदार दिसले की बाहेरच्यांच्या तोंडाला पाणी सुटतंच. २००५-०६च्या सुमारास ‘सरकार नकोच’ या मताच्या काही मंडळींनी इथे जमीन घेऊन, मतदार वाढवून काउंटी ताब्यात घ्यायचा घाट घातला होता. इथल्या शेरिफने त्यांना वेळीच पिटाळलं. पण हाच डाव ओरेगन राज्यात त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी यशस्वी झाला होता, आणि तो आखणारे पुण्याहून गेले होते.

कोरेगाव पार्कातून थेट अँटिलोप

१९८० च्या जनगणनेत ओरेगनमधल्या अँटिलोपची लोकसंख्या ३९. त्यात बहुतेक निवृत्त माणसं. एक दुकान, एक शाळा, एक चर्च. १९८१ मध्ये भगवान रजनीशांचा आश्रम पुण्याच्या कोरेगाव पार्कातून हलला आणि अँटिलोपपासून तीसेक किलोमीटरवरचं ‘बिग मडी’ नावाचं कुरण शिष्यांनी ५७.५ लाख डॉलरला विकत घेतलं. सुमारे ६४,००० एकर. आश्रमाचा कारभार बघणाऱ्या माँ आनंद शीला यांनी तिथे रजनीशपुरम हे शहरच उभं केलं: धरण, विमानतळ, उपाहारगृहं, सभामंडप आणि रोल्स रॉइस गाड्यांची रांग. ही रांग शेवटी ९३ वर गेली. दरडोई रोल्स रॉइसचा तक्ता जनगणना खातं काढत नाही, ही फार मोठी चूक म्हणावी लागेल.

अडचण एकच होती. ती जमीन कायद्याने शेतीची. कचेऱ्या आणि छापखाना थाटायला ‘शहर’ हवं, आणि जवळचं शहर म्हणजे अँटिलोप. तेव्हा संन्याशांनी तिथली घरं विकत घ्यायला सुरुवात केली. घाबरलेल्या गावकऱ्यांनी १९८२ मध्ये एक अजब ठराव मांडला: आपलं शहरच बरखास्त करून टाकू, म्हणजे ताब्यात घ्यायला काही उरणार नाही. मतदान झालं. तोवर मतदार यादीत संन्याशांची संख्या गावकऱ्यांपेक्षा जास्त झाली होती. ठराव आपटला. मग नगरपरिषद संन्याशांची झाली आणि १९८४ मध्ये गावाचं नाव बदलून ‘रजनीश’ करण्यात आलं. ज्या म्हाताऱ्यांनी जन्मभर पत्रांवर अँटिलोप लिहिलं होतं, त्यांचा पत्ता एका पुणेकर बाबांच्या नावाचा झाला.

इथवर ठीक होतं. पुढे शीलाबाईंची नजर, अँटिलोप ज्यात येतं त्या अख्ख्या वास्को काउंटीवर गेली. देशभरातल्या शहरांतून हजारो बेघर माणसं बसमध्ये भरून आणली गेली. खायला, राहायला फुकट, मोबदल्यात मत. काउंटीने नव्या मतदारांची सरसकट नोंदणी अडवल्यावर तो बेत फसला. त्याच सुमारास द डॅल्स या काउंटीतल्या शहरात दहा उपाहारगृहांतल्या कोशिंबिरींत साल्मोनेला जंतू कालवले गेले. मूळ मतदारच आजारी पडले तर मतदानाला येणार नाहीत, हा हिशोब. ७५१ माणसं आजारी पडली. सुदैवाने कोणी दगावलं नाही.

१९८५ च्या शेवटी सगळा डोलारा कोसळला. रजनीश देश सोडून गेले आणि १९८७ मध्ये पुण्यात परतले. शिष्य पांगले. उरलेल्या गावकऱ्यांनी १९८५ च्याच नोव्हेंबरात मतदान घेऊन अँटिलोप हे नाव परत आणलं. विरोधात एकही मत पडलं नाही.

आता मला यातला सगळ्यात आवडणारा आकडा. १९९० च्या जनगणनेत अँटिलोपची लोकसंख्या ३४ भरली. आधी ३९, मग ३४. जनगणनेचे तक्ते पाहून कोणाला वाटेल, दहा वर्षांत पाच म्हातारी माणसं गेली, बाकी सगळं शांत होतं. सात हजारांपर्यंत गेलेलं एक शहर, त्याची विमानं आणि त्याच्या ९३ गाड्या दोन मोजण्यांच्या फटीत आल्या आणि गेल्या! त्या कुरणावर आता ख्रिस्ती युवकांची शिबिरं भरतात.

आयोवातल्या महर्षी वेदिक सिटीची नोंद मात्र जनगणनेत नेमकी झाली. महेश योगींच्या अनुयायांनी २००१ मध्ये हे शहर रीतसर स्थापन केलं. घरांची तोंडं पूर्वेला, छतावर कळस, गावात रासायनिक खतांवरच्या अन्नाच्या विक्रीला बंदी. शांततेसाठी वेदपठण करायला भारतातून शेकडो तरुण पंडित आणले गेले. त्यांची मोजदाद झाली आणि २०१० मध्ये लोकसंख्या १,२९४ भरली. मक्याच्या शेतांत वसलेलं, वेदपाठ्यांचं गाव. पंडित परतले, तसा २०२० चा आकडा २७७ वर आला. अवघ्या दहा वर्षांत जवळजवळ चार पंचमांश लोकसंख्या घटली, आणि ना दुष्काळ ना टाळेबंदी.

दोन मतांचा नगरसेवक

आयोवातलंच दुसरं गाव, अ‍ॅनामोसा. इथे राज्याचा जुना तुरुंग आहे. जनगणनेत कैद्याची नोंद त्याच्या घरी होत नाही, तो ज्या तुरुंगात आहे त्या गावात होते. आता वॉर्ड समान लोकसंख्येचे पाडायचे म्हणजे प्रत्येकात सुमारे १,४०० माणसं हवीत. दुसऱ्या वॉर्डात तेवढी भरली खरी, पण त्यातले १,३०० च्या आसपास लोक गजांआड. कैद्यांना मताचा अधिकार नाही. उरली मूठभर घरं. २००५ च्या निवडणुकीत या वॉर्डात कोणी अर्जच भरला नाही. मतपत्रिकेवर हाताने लिहिलेल्या दोन मतांवर एक गृहस्थ नगरसेवक झाले. एक मत बायकोचं, एक शेजाऱ्याचं. त्यांनी स्वतः मतदानच केलं नव्हतं. पुढे गावाने ही वॉर्डरचना मोडीत काढली.

तुरुंगामुळे गावाच्या उत्पन्नाचे आकडेही वेडेवाकडे होतात. घरटी उत्पन्न काढताना कैदी वगळले जातात, पण दरडोई उत्पन्नाच्या भागाकारात ते येतात. त्यामुळे एकच गाव एका तक्त्यात खाऊनपिऊन सुखी आणि दुसऱ्यात कंगाल दिसू शकतं. दोन्ही आकडे सरकारी आणि दोन्ही बरोबर.

याच्या नेमकं उलटं म्हणजे लॉस एंजेलिसला खेटून असलेलं व्हर्नन. कत्तलखाने, गोदामं, कारखाने. दिवसा कामाला सुमारे पन्नास हजार माणसं आणि रात्री मुक्कामाला, २०१० च्या जनगणनेप्रमाणे, ११२. घरं तेव्हा जवळजवळ सगळी नगरपालिकेच्याच मालकीची, त्यामुळे भाडेकरू तेच मतदार आणि मालक तेच उमेदवार. १९८० ते २००६ इथे निवडणुकीत लढत म्हणून झालीच नाही. २००६ मध्ये काही नवखे राहायला आले आणि त्यांच्यातल्या तिघांनी उमेदवारी अर्ज भरले. पालिकेने त्यांची वीज तोडली, इमारत राहण्यास अयोग्य ठरवून त्यांना बाहेर काढलं. मतं मोजायची की नाही, हे शेवटी कोर्टाला सांगावं लागलं.

बेकारी ९९ टक्के, अभिनंदन

मिनियापोलिसच्या नैर्ऋत्येला शाकोपी मडेवाकांटन या डकोटा आदिवासी समूहाची छोटीशी वस्ती आहे. सदस्य पाचशेच्याही आत. आणि त्यांच्या मालकीचा ‘मिस्टिक लेक’ हा भलाथोरला कॅसिनो. स्वतःच्या जमिनीवर स्वतःचे कायदे करायचा आदिवासी समूहांचा जुना हक्क आणि १९८८ चा जुगारविषयक केंद्रीय कायदा, यांच्या जोरावर तो उभा राहिला. नफा सदस्यांत वाटला जातो. २०१२ मध्ये कोर्टाच्या कागदपत्रांतून बाहेर आलं, की प्रत्येक प्रौढ सदस्याला महिन्याला सुमारे ८४,००० डॉलर मिळतात. वर्षाला दहा लाखांच्या घरात. त्याच वर्षी समूहाचे अध्यक्ष हसत म्हणाले होते, की आमच्याकडे बेकारी ९९.२ टक्के आहे आणि ती पूर्णपणे ऐच्छिक आहे. बेकारीच्या आकड्यावर विसंबून कोणी तिथे रोजगार हमी योजना काढली असती, तर कामाला एक कुत्रं फिरकलं नसतं.

हा पैसा नेहमीच इतका हसरा नसतो. ओसेज लोकांना १८७० च्या दशकात कॅन्ससमधून हुसकून लावलं, तेव्हा त्यांनी आताच्या ओक्लाहोमातला एक खडकाळ भाग विकत घेतला. गोऱ्यांना ती जमीन नकोशी वाटेल, म्हणूनच त्यांनी ती निवडली. १९०६ मध्ये जमिनीची वाटणी झाली, तेव्हा त्यांनी एक शहाणपणा केला: जमीन घराघरांत वाटली, पण जमिनीखालचे खनिज हक्क समूहाच्या नावावर ठेवले. पटावर २,२२९ नावं, प्रत्येकाला एक वाटा. आणि त्या खडकाखाली तेल निघालं. तिथल्या पॉहस्का गावात एका एल्मच्या झाडाखाली लिलाव व्हायचे. १६० एकरांच्या एकेका तुकड्याच्या भाडेपट्ट्याला दहा लाख डॉलरच्या वर बोली जायची. १९२३ या एका वर्षात समूहाला तीन कोटी डॉलरहून अधिक मिळाले. माणशी उत्पन्नात हे लोक जगात सर्वांत श्रीमंत गणले जात. ओसेजांच्या मोटारी गोरे ड्रायव्हर चालवायचे.

हे अनेकांना सहन झालं नाही. १९२१ च्या कायद्याने अनेक ओसेजांवर गोरे ‘पालक’ नेमले गेले. स्वतःच्या पैशातून दंतमंजन घ्यायचं तरी परवानगी लागायची. वाटा वारशाने मिळतो म्हटल्यावर त्यांच्याशी लग्नं लावून त्यांचे खून पाडायला सुरुवात झाली. ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ हा मार्टिन स्कोर्सेसींचा २०२३ चा चित्रपट याच खुनांवरचा.

पार्किंगमध्ये झोपणारे श्रीमंत

नॉर्थ डकोटा हे राज्य फार वर्षं एका गोष्टीसाठी हिणवलं जायचं: २०१० मध्येही त्याची लोकसंख्या १९३० पेक्षा कमी होती. मग खडक फोडून तेल काढायचं तंत्र तिथल्या बाक्केन नावाच्या खडकाला लागू पडलं. विलिस्टन हे १४,७१६ वस्तीचं गहू पिकवणारं गाव २०२० पर्यंत २९,१६० वर गेलं. शेजारचं वॉटफर्ड सिटी १,७४४ वरून ६,२०७. ज्या मॅकेन्झी काउंटीत ते आहे, ती त्या दशकात देशातली सर्वांत वेगाने वाढलेली काउंटी ठरली.

माणसं आली, घरं नव्हती. वर्षाला लाख डॉलर कमावणारे गडी वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये ट्रकात झोपायचे, हिवाळ्यात उणे तीस अंशांतसुद्धा. कंपन्यांनी कंटेनरच्या खोल्या जोडून पुरुषांच्या वसाहती उभ्या केल्या. वॉलमार्टमध्ये नव्या माणसाला ताशी १७ डॉलर मिळायचे, देशाच्या किमान वेतनाच्या दुपटीहून जास्त, कारण तेवढं दिल्याशिवाय गल्ल्यावर माणूस टिकायचा नाही. २०१४ च्या एका पाहणीत विलिस्टनमध्ये एका शयनगृहाच्या फ्लॅटचं भाडं देशात सर्वांत जास्त निघालं: महिना सुमारे २,४०० डॉलर. न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को मागे. आजूबाजूला बघायला गवत आणि वारा.

कमाईचा सरासरी आकडा वर गेला, पण सगळ्यांची कमाई नाही. जुन्या भाडेकरू आजी-आजोबांचं पेन्शन तेवढंच राहिलं, भाडं तिप्पट झालं. शिक्षक आणि पोलीस मिळेनात, म्हणून गावाला त्यांच्यासाठी घरांची सोय करावी लागली. सरासरी फुगत होती आणि गावातली जुनी माणसं गाव सोडत होती. २०१४ च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल २०१६ च्या सुरुवातीला तिसाच्या खाली आलं आणि भाड्याच्या पाट्या जागोजाग लटकल्या. तरीही २०२० ची मोजणी दुप्पट भरली, म्हणजे बरेच जण टिकले. बायकापोरं आली, शाळा वाढल्या. गाव होण्याचा तोच तर मार्ग.

डॉज आली, पोलंड आलं, मग सिल्हेट

डेट्रॉइट शहराच्या पोटात एक स्वतंत्र शहर आहे, हॅमट्रॅमक. जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटर. १९१० मध्ये इथे ३,५५९ माणसं होती, मुख्यतः जर्मन शेतकरी. त्याच वर्षी डॉज बंधूंनी मोटारीच्या भागांचा कारखाना टाकला. १९२० मध्ये लोकसंख्या ४८,६१५! जवळजवळ सगळी भर पोलिश कामगारांची. १९३० मध्ये ५६,२६८, आणि नंतर उतार. १९८० मध्ये डॉजचा कारखाना बंद पडला. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे, म्हणजे पोलंडचेच, इथे येऊन गेले, तेव्हा गाव म्हातारं होत चाललं होतं.

मग रिकाम्या, स्वस्त घरांत येमेनी आले, बोस्नियन आले आणि बांगलादेशी आले, त्यांतही सिल्हेटकडचे पुष्कळ. २००४ मध्ये ध्वनिक्षेपकावरून अजान द्यायच्या परवानगीवरून देशभर चर्चा झाली. २०१५ मध्ये नगरपरिषदेत मुस्लिम सदस्यांचं बहुमत झालं, अमेरिकेतलं पहिलं. २०२१ मध्ये सगळी परिषदच मुस्लिम निवडून आली आणि जवळजवळ शंभर वर्षांची पोलिश महापौरांची परंपरा येमेनमध्ये जन्मलेल्या अमेर गालिब यांनी मोडली. तरी लेंट या ख्रिस्ती उपासकाळाच्या आदल्या मंगळवारी पोंचकी नावाच्या पोलिश गोड वड्यांसाठी बेकरीबाहेर पहाटेपासून रांग लागतेच. २०१० ते २०२० दरम्यान सभोवतालचं डेट्रॉइट दहा टक्क्यांनी घटलं आणि हॅमट्रॅमक सुमारे २७ टक्क्यांनी वाढलं. पैशाने म्हणाल तर मिशिगनच्या गरीब शहरांत अजूनही त्याचं नाव निघतं. पण घरांना कुलपं नाहीत, दुकानांना गाळे मिळत नाहीत, आणि माझ्या मते शहराची नाडी इथे बघावी, उत्पन्नाच्या तक्त्यात नंतर.

जनगणनेच्या तक्त्यात हेच शहर बघायला गेलात तर फसाल. येमेनी माणूस अमेरिकन जनगणनेत ‘गोरा’ गणला जातो! मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेसाठी वेगळा रकाना ठेवायचं २०२४ मध्ये कुठे ठरलं. म्हणजे पोलिश गेले, येमेनी आले आणि कागदावर गोरे ते गोरेच.

आपली गंमत तर याहून मोठी आहे. १९३० आणि १९४० च्या जनगणनेत भारतीयांचा वंश ‘हिंदू’ असा लिहिला जायचा. कॅलिफोर्नियात शेती करणारा पंजाबी शीख किंवा मुसलमानही वंशाने ‘हिंदू’. १९७० मध्ये भारतीयांना गोऱ्यांत टाकलं. १९८० पासून वेगळा रकाना मिळाला. एखादा जोशी अमेरिकेत पन्नास वर्षं राहिला, तर काहीही न करता त्याचा वंश दोनतीनदा बदलायचा.

बारा वर्षांचं गाव, सत्तरीचं गाव

न्यूयॉर्क राज्यातलं किर्यास जोएल हे सत्मार पंथाच्या कर्मठ ज्यूंचं गाव. १९७० च्या दशकात ब्रुकलिनच्या गर्दीला कंटाळून त्यांनी ते वसवलं. २०२० मध्ये ३२,९५४ लोकसंख्या, दहा वर्षांपूर्वीच्या वीस हजारांवरून. बाहेरून कोणी फारसं येत नाही, ही सगळी पाळण्यांची कमाई. २०११ च्या सुमारास इथलं मध्यक वय बाराच्याही आत होतं. म्हणजे गावाला वयाप्रमाणे रांगेत उभं केलं, तर बरोबर मधोमध सहावीतलं पोर. घरटी माणसं सहाच्या जवळपास. पुरुष तरुणपणी धर्माभ्यासात रमलेले, मुलं भरपूर. त्यामुळे तेव्हा सत्तर टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली मोजले गेले आणि दहा हजारांवर वस्तीच्या अमेरिकन गावांत हे सर्वांत गरीब ठरलं. पत्रकार झोपड्या शोधत गेले, तर नीटनेटक्या इमारती, बाबागाड्यांच्या रांगा आणि नावालाही न सापडणारी गुन्हेगारी. जातभाईंची मदत आणि बिनव्याजी उसनवारी दारिद्र्यरेषेच्या सूत्रात बसत नाही.

फ्लोरिडातलं ‘द व्हिलेजेस’ तसं लहान नाही, पण जोडी जमते म्हणून सांगतो. निवृत्तांची ही वसाहत २०१० ते २०२० मध्ये देशातला सर्वांत वेगाने वाढलेला महानगर प्रदेश ठरली, आणि मध्यक वय सत्तरीच्या आसपास. माणसं वाढली, पण पाळणा हलला नाही. इकडून तिकडे जायला गोल्फच्या गाड्या. एकोणीस वर्षांखालच्या पाहुण्याला वर्षातून फक्त तीस दिवस राहता येतं. लाडकं नातवंड उन्हाळ्याची अख्खी सुट्टी घालवायला आलं, तर आजोबांना नियमांचं पुस्तक काढावं लागेल.

उरलेसुरले दोन

पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रालियात १९६२ मध्ये कोळशाच्या खाणीला आग लागली. ती आजही धुमसते आहे. १९८० मध्ये हजारावर वस्ती होती, १९९० मध्ये ६३, २०२० मध्ये ५. पोस्टखात्याने २००२ मध्ये पिनकोडही काढून घेतला.

आणि अलास्कातलं व्हिटियर. २०२० मध्ये २७२ माणसं, त्यांतली बहुतेक एकाच चौदा मजली इमारतीत. लष्कराने १९५० च्या दशकात बांधलेली ही इमारत म्हणजेच गाव: पोलीस, पोस्ट, दवाखाना, किराणा, चर्च सगळं आत. शाळा समोर, पण हिवाळ्यातल्या बर्फामुळे मुलं भुयारातून जातात. सोसायटीच्या सभेला ग्रामसभा म्हणावं की उलट, हे तिथल्यांनीच ठरवावं. बाहेरच्या जगाशी रस्त्याने जोडणारा बोगदा चार किलोमीटरचा, एकेरी आणि रेल्वेबरोबर वाटून घेतलेला. आळीपाळीने कधी गाड्या आत येतात, कधी बाहेर जातात आणि रात्री फाटक बंद. अँकरेजला सिनेमा बघायला गेलेल्याला शेवटची वेळ चुकली, तर सकाळपर्यंत डोंगराच्या पलीकडे गाडीतच झोपायचं.